जिओमॅटिक्सचं काम करणाऱ्यांसाठी आणि करून घेणाऱ्यांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमा करून नुकतीच बाहेर पडलेली मुलं, खासगी मोजणीची कामं घेणारे, नगरपालिकांतले अभियंते आणि अधूनमधून एखादे सरपंच यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम भारताचे आहेत. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत, कारण माझं काम इथलंच. कायद्याचा सल्ला हवा असेल तर वकिलाकडे जा.

जिओमॅटिक्स म्हणजे नक्की काय?

जागा मोजणं, ती नकाशावर आणणं, नकाशाला माहिती जोडणं आणि त्यातून उत्तर काढणं, हे सगळं मिळून. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र), जीएनएसएस रोव्हर (उपग्रहांवरून जागा सांगणारं, काठीवरचं यंत्र), ड्रोन, लायडार (लेझरने मोजणारं यंत्र), उपग्रह प्रतिमा, जीआयएस (नकाशाला माहिती जोडणारं सॉफ्टवेअर) ही त्यातली हत्यारं. गावात या माणसाला मोजणीवाला म्हणतात, ऑफिसात जीआयएसवाला. मोजणीवाल्याला वाटतं, जीआयएसवाला एसीत बसून रंग भरतो. जीआयएसवाल्याला वाटतं, मोजणीवाला नुसती काठी धरून उभा असतो. बरेचसे घोटाळे नेमके या दोघांच्या मधे होतात.

गूगल मॅप फुकट असताना नकाशासाठी पैसे का मोजायचे?

रस्ता शोधायचा असेल तर मोजू नका. पण बांध ठरवायचा असेल किंवा पाइपलाइनचा उतार काढायचा असेल तर तो नकाशा त्या कामाचा नाही. उपग्रह प्रतिमा जमिनीवर काही मीटर इकडेतिकडे बसलेली असू शकते, डोंगराळ भागात जास्तच. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या रानातही चार-पाच मीटरची चूक सहज करतो. बांधाचं भांडण मात्र दोन फुटांचं असतं. मोबाइलवर आपला गट प्रतिमेवर टाकून ‘शेजाऱ्याने दोन गुंठे खाल्ले’ म्हणत येणारे लोक नेहमी भेटतात. शेजाऱ्याने खरंच खाल्ले असतीलही, पण ते त्या चित्रावरून कळणार नाही.

सरकार एवढा पैसा ओततंय, मग या पेशाचा वेगळा प्रचार कशाला?

पैसा येतोय हे खरं. गावठाणांच्या ड्रोन मोजणीची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. राष्ट्रीय भूस्थानिक धोरण डिसेंबर २०२२ मध्ये आलं. शहरांतल्या जमिनींच्या मोजणीसाठी ‘नक्शा’ हा कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ मध्ये १५२ नागरी स्थानिक संस्थांमध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाला. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय भूस्थानिक मिशनसाठी १०० कोटी रुपये ठेवले गेले. यंत्रंही आता जिल्ह्याच्या गावी भाड्याने मिळतात.

अडलंय ते काम मागणाऱ्याच्या टेबलावर. निविदेत एकच ओळ असते : ‘ड्रोनद्वारे सर्वेक्षण करून नकाशा सादर करणे.’ किती सेंटिमीटरपर्यंत अचूक हवा, कुठल्या डेटमवर, म्हणजे मोजमापाच्या कुठल्या पायावर हवा, तपासणार कोण, याचा पत्ता नाही. मग ज्याचा दर सर्वांत कमी तो एल-वन. त्या दरात जमिनीवरचे कंट्रोल पॉइंट, म्हणजे अचूक जागा मोजलेल्या खुणा, घेणं परवडत नाही, म्हणून तो घेत नाही. रंगीत, चकचकीत नकाशा वेळेत येतो, फ्रेम होऊन साहेबांच्या मागच्या भिंतीवर लागतो. दोन वर्षांनी त्यावरून गटार काढायला घेतलं की पाणी उलट्या बाजूला जातं. आणि त्या ऑफिसात कायमचं ठरतं की हे ड्रोन-बिन सगळं थोतांड आहे. पुढच्या चांगल्या माणसाने तिथे कितीही डोकं फोडलं तरी उपयोग नसतो.

म्हणून प्रचार कोणाचा करायचा हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. प्रदर्शनात ड्रोन उडवून दाखवला की टाळ्या मिळतात. पण पेशा उभा राहायचा असेल तर नकाशा विकत घेणाऱ्याला दोन-चार नेमके प्रश्न विचारायला शिकवावं लागेल, आणि नकाशावर सही करणाऱ्या माणसाला काही किंमत यावी लागेल. या पानावरची बाकीची उत्तरं याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

मग कामाच्या ऑर्डरमध्ये काय लिहायचं?

सगळ्यांत जास्त विचारला जावा आणि सगळ्यांत कमी विचारला जाणारा प्रश्न. किमान एवढं लिहा.

कोऑर्डिनेट, म्हणजे जागा सांगणारे आकडे, कुठल्या प्रणालीत हवेत ते लिहा : डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचा डेटम), यूटीएम (जग उभ्या पट्ट्यांत मांडणारी पद्धत), आणि झोन, म्हणजे पट्ट्याचा क्रमांक. महाराष्ट्राचा बहुतेक भाग झोन ४३ मध्ये येतो, पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेचा विदर्भ, म्हणजे नागपूर, वर्धा वगैरे, झोन ४४ मध्ये. एकाच रस्त्याचे दोन तुकडे दोन झोनमध्ये मोजले आणि कोणी सांगितलंच नाही, तर ते स्क्रीनवर एकमेकांना शोधत बसतात. जुन्या टोपोशीटवरून घेतलेलं काही असेल तर तेही सांगायला लावा. त्या जुन्या सरकारी नकाशांच्या एव्हरेस्ट डेटमवरचा बिंदू सरळ डब्ल्यूजीएसवर टाकला तर आपल्याकडे शंभर मीटरच्या वर सरकतो.

उंची कशापासून मोजायची ते लिहा. याचं उत्तर पुढे वेगळं दिलं आहे.

तपासणीचे बिंदू वेगळे ठेवायला सांगा. नकाशा बसवायला जे कंट्रोल पॉइंट वापरले त्यांच्यावरच अचूकता तपासली तर ती छानच दिसणार. स्वतःचा पेपर स्वतः तपासण्यासारखं आहे ते. तपासणीचे बिंदू नकाशा बनवताना वापरायचे नाहीत, आणि जमलं तर ते तुमच्याच अभियंत्याने निवडायचे.

कच्चा डेटा मागा. मूळ फोटो, रोव्हरची फाइल, कंट्रोल पॉइंटचे फोटो आणि त्यांचं वर्णन. पीडीएफ म्हणजे डेटा नव्हे.

शेवटचा हप्ता तपासणी झाल्यावरच, असं लिहिलंत की बाकीचं बरंचसं आपोआप होतं.

ड्रोन उडवला म्हणजे सर्वे झाला का?

नाही. उडवणं हा त्यातला सोपा भाग आहे.

पहाटे गावात पोचायचं. उड्डाणाच्या पट्ट्यात पसरून कंट्रोल पॉइंट निवडायचे. कोपऱ्यांत, मधे, आणि जिथे जमीन चढते-उतरते तिथेही. प्रत्येक ठिकाणी चुन्याने किंवा रंगाने अधिक चिन्ह काढायचं. चुना भुरभुरीत असेल तर वाऱ्याने कडा पसरतात आणि मग फोटोत मधला बिंदू सापडत नाही, म्हणून फरशीवर किंवा डांबरावर रंगच बरा. शेणाने सारवलेल्या अंगणात काढू नये. मालकीण दुपारपर्यंत पुन्हा सारवते, आणि तिचं काही चुकत नाही. चिन्हाच्या मध्यावर रोव्हरची काठी ठेवायची, बुडबुडा मधोमध आणायचा, पडद्यावर ‘फिक्स’ (जागा पक्की झाली) येईपर्यंत थांबायचं. ‘फ्लोट’ (अजून पक्की नाही) असताना नोंद घेतली तर चूक काही डेसिमीटर किंवा त्याहूनही जास्त असू शकते. घाई असली की नेमकं हेच होतं, कारण पडद्यावर आकडा तर दोन्ही वेळा दिसतो. काठी जरा हलवून, काही वेळाने पुन्हा येऊन तोच बिंदू मोजायचा. दोन आकडे जुळले की पुढे.

या सगळ्यानंतर ड्रोन वीस मिनिटं उडतो आणि गावातली सगळी पोरं तेवढंच बघतात.

रोव्हरने दिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची असते का?

नसते, आणि पाण्याच्या कामांत सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. उपग्रहावरून मिळणारी उंची पृथ्वीच्या गणिती आकारापासून, म्हणजे इलिप्सॉइडपासून असते. पाणी मात्र जिऑइडप्रमाणे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ठरणाऱ्या समुद्रसपाटीप्रमाणे वाहतं. जगातला जिऑइडचा सर्वांत खोल भाग श्रीलंकेच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात आहे. आपण त्या खळग्याच्या काठाला राहतो. त्यामुळे मुंबई-पुण्याकडे दोन उंचींतला फरक साठ मीटरच्या वर जातो. जुहूच्या वाळूत उभं राहिलात तरी रोव्हर उणे साठीच्या आसपास उंची दाखवेल.

फरक सगळीकडे सारखा असता तर एकदाच मिळवून टाकला असता. तो जागेप्रमाणे बदलतो. छोट्या प्लॉटमध्ये कळत नाही, लांब कालव्यात किंवा नळपाणी योजनेत कळतो. म्हणून ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा : उंची सरासरी समुद्रसपाटीपासून, जवळच्या बेंचमार्कला (उंची ठरलेल्या पक्क्या खुणेला) जोडून. सर्व्हे ऑफ इंडियाने भारतासाठी जिऑइड मॉडेल तयार केलं आहे, पण उताराच्या कामात ऑटो लेव्हलने (दुर्बिणीतून उंचीतला फरक मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्यायची सवय सोडू नका. म्हातारं यंत्र आहे, पण खोटं बोलत नाही.

नकाशा बनवायला परवानगी लागते का?

१५ फेब्रुवारी २०२१ पासून चित्र बदललं. त्या दिवशी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या. भारतीय व्यक्ती आणि कंपन्यांना भूस्थानिक डेटा गोळा करायला, वापरायला आणि विकायला पूर्वपरवानगीची गरज उरली नाही, स्वतःचं प्रमाणपत्र पुरतं. आडव्या दिशेत १ मीटर आणि उंचीत ३ मीटर यांपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा फक्त भारतीय संस्थांनी तयार करायचा आणि भारतातच साठवायचा. संवेदनशील ठिकाणांवर काय दाखवायचं नाही याचे निर्बंध आहेत, ते पाळा. त्याआधी हवाई फोटोच्या कामाला संरक्षण मंत्रालयापर्यंत कागद फिरायचा. ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना आजची मुलं ‘परवानगीला आठ दिवस लागले’ म्हणून कुरकुरतात तेव्हा हसू येतं.

आणि ड्रोनला?

ड्रोनचे नियम वेगळे, ऑगस्ट २०२१ चे. ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा. व्यावसायिक कामासाठी २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र हवं. त्यासाठी वय किमान १८, शिक्षण दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात लागते, आणि लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. विमानतळ किंवा लष्करी ठिकाण जवळ असेल तर नकाशावर क्षेत्र बघितल्याशिवाय पेटीही उघडू नका. शिवाय पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश निघतात, मुंबईत तर वरचेवर. आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात एक पत्र देऊन ठेवलेलं बरं. नियमात मागितलेलं नसलं तरी गावात गर्दी जमल्यावर ते पत्र कामाला येतं.

खासगी सर्व्हेअरने काढलेला नकाशा हद्दीच्या वादात चालतो का?

आखणीसाठी, अंदाजासाठी, खरेदीआधी बघायला चालतो. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख खात्याकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज करा आणि ‘क’ प्रत घ्या. ती मान्य नसेल तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, आहे. खासगी माणसाने ‘माझाच नकाशा कोर्टात चालेल’ असं सांगितलं तर त्याला काम देऊ नका. असल्या लोकांमुळेच बाकीच्यांकडे संशयाने बघितलं जातं.

रोव्हरने मोजलेला गट जुन्या नकाशाशी जुळत का नाही?

या प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो. आवरतो.

मुंबई इलाख्यातली शेतजमिनीची पद्धतशीर मोजणी १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली बसली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, म्हणजे आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा : ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज रजिस्ट्रेशन ऑफिसात आपण जो आकडा घोकतो तो त्या साखळीचा आहे. लोखंडी साखळी वापरून वापरून ताणते. ओढ्यावर, चढावर ती किती सरळ धरली हे धरणाऱ्यावर. शंकू नावाच्या साध्या हत्याराने काटकोन डोळ्याने काढायचा. मग मापं टिपणात, म्हणजे मोजणीच्या मूळ नोंदीत उतरली, टिपणावरून नकाशा बनला, नकाशावरून नक्कल, नकलेवरून नक्कल. पुढे १९४७च्या एकत्रीकरण कायद्याखाली सर्व्हे नंबरांचे गट झाले. कागद दमट हवेत फुगला, उन्हात आखडला. शेवटी तो स्कॅन होऊन संगणकात आला.

१ : ५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलीची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद असते. तुमचा रोव्हर दोन-तीन सेंटिमीटर सांगतो. तो बरोबर आणि जुना नकाशा चूक, असं लगेच म्हणू नका. हक्क त्या जुन्या मापावर उभा आहे. चांगला भूकरमापक आधी जुनी ओळख शोधतो : बांधावरचं जुनं झाड, विहीर, तीन गावांच्या शिवेवरचा दगड, कोणी न हलवलेली हद्दनिशाणी. टिपण त्या खुणांवर बसवून बघतो आणि मग बोलतो. नुसता नकाशा प्रतिमेवर ताणून बसवणं हे सॉफ्टवेअर कोणालाही करून देतं.

राज्यात आता कॉर्स स्टेशनं, म्हणजे कायम चालू राहणारी जीएनएसएस केंद्रं, ७७ ठिकाणी आहेत. ई-मोजणीत अर्ज ऑनलाइन होतो आणि रोव्हरने मोजणी होते. यामुळे आजची मोजणी उद्या त्याच जागी पुन्हा उभी करता येईल, हा मोठा फायदा. मागची दोनशे वर्षं त्याने पुसली जात नाहीत.

स्वामित्व योजनेतून गावाला नक्की काय मिळतं?

शेताला सातबारा होता, पण बहुतेक गावठाणांतल्या घरांना मोजणीचा कागदच नव्हता. महाराष्ट्रात याची चाचणी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाली आणि त्या अनुभवाचा देशभरच्या योजनेला उपयोग झाला, ही आपण पुरेशी न सांगितलेली गोष्ट. पद्धत अशी : ग्रामसभा होते, लोक आपापल्या घराच्या हद्दीवर चुना टाकतात, सर्व्हे ऑफ इंडियाचा ड्रोन वरून फोटो घेतो, १ : ५०० चा नकाशा होतो, चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात, आणि मग सनद व मिळकत पत्रिका.

यातली खरी मोजणी मला चुना टाकण्याची वाटते. दोन भाऊ, दोन शेजारी, सामाईक भिंत, मधली बोळ. जिथे सरपंच आणि ग्रामसेवकांनी आधी चार बैठका घेतल्या तिथे चुना एका दुपारी पडतो. जिथे नाही घेतल्या तिथे ड्रोन परत जातो. तंत्रज्ञानाचा प्रचार करणाऱ्याने अशा एका सभेला मागे बसून ऐकावं.

शिक्षण कुठे घ्यायचं?

दहावीनंतर आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड दोन वर्षांचा आहे. भूमी अभिलेख खात्याच्या भूकरमापक भरतीला तो किंवा सिव्हिलचा डिप्लोमा चालतो. भरतीच्या जाहिरातीत टंकलेखनाची अटही वाचा, अनेकांचं तिथे अडतं. पदवीनंतर मुंबईत आयआयटीचं सीएसआरई हे अभ्यास केंद्र, पुण्यात सिम्बायोसिसची जिओइन्फॉर्मेटिक्सची संस्था, रुरकीत आयआयटीचा जिओमॅटिक्स अभियांत्रिकीचा अभ्यास. गेट परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्स अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. हैदराबादला सर्व्हे ऑफ इंडियाची प्रशिक्षण संस्था आहे. पैसे नसतील तर डेहराडूनच्या आयआयआरएसचे (इस्रोच्या रिमोट सेन्सिंग संस्थेचे) ऑनलाइन कोर्स मोफत असतात आणि चांगले असतात.

माझा सल्ला विचाराल तर जीआयएसच्या कोर्सआधी एक मोसम कोणाच्या तरी हाताखाली शेतात काढा. कोऑर्डिनेट कुठून येतो हे ज्याने पाहिलं नाही त्याला चुकीचा कोऑर्डिनेट ओळखता येत नाही.

सॉफ्टवेअर फार महाग आहे. क्रॅक वापरलं तर?

नको. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक कामांना पुरून उरतं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या १० मीटरच्या प्रतिमा फुकट. इस्रोच्या भुवन आणि भूनिधीवर बराच भारतीय डेटा मिळतो. चोरीचं सॉफ्टवेअर वापरून सरकारी कामाची सही करणाऱ्या माणसाने पेशाच्या प्रतिष्ठेवर भाषण देऊ नये.

कोणत्या संस्थेचं सभासद व्हावं? सर्व्हेअरला लायसन्स नसतं का?

इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग १९६९ पासूनची, इंडियन नॅशनल कार्टोग्राफिक असोसिएशन १९७९ ची, इंडियन सोसायटी ऑफ जिओमॅटिक्स १९९३ ची. तिन्हींची अधिवेशनं होतात, शोधनिबंध वाचले जातात. विद्यार्थ्यांनी जरूर जावं. पण तिथे प्राध्यापक आणि शास्त्रज्ञ जास्त, रोव्हर खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस कमी. तालुक्याच्या गावचा खासगी सर्व्हेअर या कोणत्याच खोलीत नसतो.

लायसन्सचं म्हणाल तर डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांच्यासारखी सर्व्हेअरची देशभराची वैधानिक परिषद भारतात नाही. नायजेरियात सर्व्हेअर्स कौन्सिल आहे, मलेशियात आणि केनियात लँड सर्व्हेअर्स बोर्ड आहे. नोंदणी नसेल तर तिथे हद्दीच्या नकाशावर सही चालत नाही, आणि गैरकाम केलं तर नाव कापलं जातं. आपल्याकडे कर्नाटकात परवानाधारक सर्व्हेअर ‘११ ई’ नकाशाची (जमिनीचा तुकडा विकण्याआधी लागणाऱ्या) कामं करतात, राज्यापुरती. माझं मत स्पष्ट आहे : ज्या दिवशी चुकीच्या नकाशासाठी माणसाचं नाव कापलं जाऊ शकेल, त्या दिवशी बरोबर नकाशाला दर मिळेल. पण परवाना म्हणजे परीक्षेची फी आणि टेबलाखालचा व्यवहार एवढंच झालं तर आहे तेच बरं.

मुलींना हे काम झेपतं का?

प्रश्नच चुकीचा. टोटल स्टेशन उचलायला कोणालाही त्रास होतो. अडचण स्वच्छतागृहाची आणि रात्री परतायच्या गाडीची असते. ती सोडवणं काम देणाऱ्याचं काम.

अधिकाऱ्याला किंवा नगराध्यक्षांना हे तंत्रज्ञान पटवायचं कसं?

प्रेझेंटेशनने नाही. त्यांना या महिन्यात कशाने छळलंय ते आधी विचारा. बहुतेक वेळा उत्तर मालमत्ता कर, पाण्याची गळती किंवा अतिक्रमण यांपैकी एक असतं. मग एकच वॉर्ड घ्या. त्या वॉर्डातल्या इमारतींचा नकाशा कर विभागाच्या यादीशी जुळवून दाखवा, नोंद नसलेल्या इमारती वेगळ्या रंगात. किंवा जुन्या फिटरला सोबत घेऊन जमिनीखालचे व्हॉल्व्ह शोधा आणि नकाशावर घाला. बऱ्याच गावांत पाण्याच्या लाइनचा नकाशा एका माणसाच्या डोक्यात असतो आणि तो पुढच्या वर्षी निवृत्त होणार असतो. त्या माणसाचं नाव नकाशावर टाका. मान दिलात तर तो सगळं सांगतो, नाही तर ‘इथेच कुठेतरी आहे’.

‘डिजिटल ट्विन’ (शहराची संगणकातली हुबेहूब प्रत) हा शब्द पहिल्या भेटीत काढू नका.

आणि ऑफिसातला एक कनिष्ठ माणूस शोधा ज्याला हे शिकायचं आहे. साहेबांची बदली होते. लिपिक राहतो.

शाळा-कॉलेजात याबद्दल काय सांगावं?

१० एप्रिल हा राष्ट्रीय सर्वेक्षण दिन. १८०२ मध्ये त्या दिवशी मद्रासमध्ये विल्यम लॅम्ब्टनने भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा मोजायला घेतली. अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन हे लोक दक्षिणेकडून वर सरकत आले. लॅम्ब्टन १८२३ मध्ये वाटेतच वारला, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे याच सर्वेक्षणात राधानाथ सिकदर यांनी आकडेमोड करून ‘शिखर १५’ हे सर्वांत उंच असल्याचं दाखवलं, आणि शिखराला नाव लागलं जॉर्ज एव्हरेस्टचं. नैनसिंह रावत मोजून पावलं टाकत ल्हासापर्यंत गेले. विदर्भातल्या शाळांनी डेहराडूनला सहल काढायची गरज नाही, हिंगणघाटला जा. मुलांना कोन मोजायला लावा आणि समोरच्या पाण्याच्या टाकीची उंची काढायला लावा. नववीचं त्रिकोणमितीचं पुस्तक त्यांना पुन्हा उघडावंसं वाटेल.

नकाशावर वाड्या-वस्त्यांची नावं चुकीची दिसतात. आम्ही काय करू शकतो?

ओपनस्ट्रीटमॅपवर स्वतः घाला. खातं मोफत आहे आणि मराठी नावासाठी वेगळी जागा आहे. महसुली गावाचं नाव एक, लोकांच्या तोंडातलं दुसरं, एसटीच्या पाटीवर तिसरं, हे आपल्याकडे सर्रास. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला, त्यामुळे जुन्या नकाशावरचं नाव उतरवून घेण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. आणि पाड्यावर जाऊन विचारा, तेही बाईमाणसांना. पाणवठ्यांची आणि पायवाटांची नावं त्यांना जास्त ठाऊक असतात.

एआय आलं, आता डिजिटायझेशन करणाऱ्या मुलांचं काय?

उपग्रह प्रतिमेवरून घरांच्या कडा यंत्र काढू लागलं आहे. दाटीवाटीच्या गावठाणात, एकाला एक टेकलेल्या पत्र्यांत, ते अजून गोंधळतं. नुसत्या रेघा ओढण्याचं काम कमी होणार हे धरून चाला. तपासणारा माणूस लागेल, आणि तपासायला शेतातलं ज्ञान लागतं.

दर किती घ्यावा?

एकरी आकडा मी सांगणार नाही. जमीन, झाडी, काम आणि अचूकता यांवर तो ठरतो. पण कोटेशनचे भाग पाडा : कंट्रोल, उड्डाण किंवा मोजणी, प्रक्रिया, तपासणी, प्रवास. गिऱ्हाईकाने घासाघीस केली तर ‘तपासणी काढू का?’ असं सरळ विचारा. काढायला सांगितलं तर तसं लेखी घ्या आणि नकाशावर ‘अचूकता तपासलेली नाही’ असं ठळक छापा. हे एकदा छापलं की बरेच जण पैसे द्यायला तयार होतात.

पावसाळ्यात कामं बंद असतात. तेव्हा काय करायचं?

ऑटो लेव्हलची दोन खुंट्यांची चाचणी करा. टोटल स्टेशन कॅलिब्रेशनला पाठवा, दिवाळीनंतर सगळ्यांचीच पाठवायची घाई असते. बॅटऱ्या अर्ध्या भरलेल्या ठेवा, ड्रोनच्या तर नक्कीच. मागच्या मोसमातले कंट्रोल पॉइंट एका तक्त्यात आणा : कोऑर्डिनेट, फोटो, जवळची खूण, तारीख. उघडीप मिळाली की त्यांतले चार पुन्हा मोजून बघा.